एकच फाइल, सगळे होस्ट: एपीआयमधून क्लस्टरचं कॉन्फिगरेशन कसं बदलावं

क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र चालवलेल्या सर्व्हरच्या गटात, बारा होस्ट (सर्व्हर) आहेत आणि घड्याळं जुळवणाऱ्या एनटीपी सर्व्हरचा पत्ता बदलायचाय. एकेका होस्टवर जाऊन बदलत बसलं की एखादा हमखास सुटतो. मग कधीतरी लॉगमधल्या वेळा जुळेनाशा होतात आणि तो एक होस्ट शोधण्यात रात्र जाते. व्हीस्फिअर ८.० या व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरमधली कॉन्फिगरेशन प्रोफाइल्स मला म्हणूनच मोलाची वाटतात: अख्ख्या क्लस्टरची मांडणी एका जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुरात लिहिलेल्या डेटाच्या फाइलमध्ये) येते.

८.० अपडेट ३ च्या आधीच्या आवृत्तीत क्लस्टर लाइफसायकल मॅनेजरच्या इमेजवर हवा (म्हणजे सगळ्या होस्टचं सॉफ्टवेअर एकाच ठरवलेल्या संचातून आलेलं), होस्टवरची ईएसएक्सआय ही सिस्टीम ८.० किंवा पुढची हवी आणि क्लस्टरवर प्रोफाइल आधीच चालू केलेलं हवं.

आधी व्हीसेंटरच्या (सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) एपीआयवर, म्हणजे प्रोग्रॅममधून त्याला आदेश देण्याच्या सोयीवर, युजरनेम-पासवर्डने सेशन उघडा. मिळालेलं टोकन पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमध्ये जातं. मग क्लस्टरचा आयडी घ्या. तो ‘डोमेन-सी८’ अशा धर्तीचा असतो. क्लस्टरचं नाव इथे चालत नाही.

आता सध्याचं कॉन्फिगरेशन एक्सपोर्ट करा आणि लगेच दोन प्रती ठेवा. एका प्रतीला हात लावायचाच नाही, परतीची वाट तीच.

दुसरी उघडा. ‘प्रोफाइल’ या भागात लिहिलेलं सगळ्या होस्टना लागू होतं. ‘होस्ट-स्पेसिफिक’मध्ये आयपी पत्त्यासारख्या ज्याच्या-त्याच्या गोष्टी असतात. एखाद्याच होस्टला वेगळी सेटिंग हवी असेल तर ती ‘होस्ट-ओव्हरराइड’मध्ये. एनटीपीचा बदल अर्थातच ‘प्रोफाइल’मध्ये करायचा.

इम्पोर्ट करताना बरेच जण अडकतात. संपूर्ण जेसन एका स्ट्रिंगमध्ये पाठवायचं असतं, त्यामुळे आतल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश लागतो. हे हाताने करू नका. पायथनच्या जेसन लायब्ररीवर सोपवा. इम्पोर्ट झालं तरी होस्ट अजून जसेच्या तसे असतात. फक्त क्लस्टर कसा असावा, याची नोंद बदललेली असते.

म्हणून पुढे कम्प्लायन्स, म्हणजे होस्ट या नोंदीशी जुळतात का, ते तपासा. कोणता होस्ट कुठे जुळत नाही, ते कळतं. त्यानंतरचा प्रीचेक मात्र काहीही झालं तरी टाळू नका. कोणाला मेंटेनन्स मोडमध्ये (कामातून तात्पुरतं बाजूला) जावं लागेल, कोणाला रीबूट लागेल, हे तोच सांगतो. रीबूट दिसला तर दुपारी अप्लाय करू नका, रात्रीची वेळ मागून घ्या.

अप्लाय केल्यावर टास्कचा आयडी मिळतो. तो टास्क संपेपर्यंत त्याची स्थिती विचारत राहा, मग कम्प्लायन्स पुन्हा तपासा. बाराही होस्ट जुळले की सेशन बंद करा.