एकट्याने मोटरसायकलवर डोंगर आणि वाळवंट फिरायला निघताय? या चुका टाळा

पोळा जवळ आला की फोन सुरू होतात. “दादा, गाडी घेतली, लेहला जाऊन येतो म्हणतो. किती दिवसांत होते?” पहिला प्रश्न दिवसांचा. दुसरा सायलेन्सरचा. उंची, पाणी, पंक्चर, थंडी यांतलं काही कोणी विचारत नाही. आपल्या यवतमाळकडून जाणं तसं सोपं वाटतं, हे खरं. ४४ नंबरचा हायवे पांढरकवडा, हिंगणघाट, नागपूर करत थेट श्रीनगरला पोचतो. रस्ता दारातूनच जातो म्हणून पोट्टे तयारीच करत नाहीत. चौघांच्या ग्रुपमध्ये एकाची चूक बाकीचे तिघं निस्तरतात. एकट्याचं तसं नसतं, म्हणून हे लिहितोय.

उंचीची घाई

माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक ही. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. आपला सगळ्यात उंच घाट चिखलदऱ्याचा, तोही अकराशे मीटरच्या घरात. चिखलदऱ्याला जाऊन कोणाचं डोकं दुखत नाही, त्यामुळे उंचीनेही माणूस आजारी पडतो हे आपल्या लोकांना पटतच नाही.

मनाली २०५० मीटरवर आहे. तिथून सकाळी निघून संध्याकाळी लेहच्या वाटेवरच्या सरचूला, म्हणजे ४२९० मीटरवर मुक्काम करायचा, हा नवख्यांचा ठरलेला बेत. एक दिवस वाचतो ना! तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. इथे पोरं एका दिवसात बावीसशे मीटर चढून झोपतात.

सरचूच्या एका तंबूत मला असाच एक पोरगा भेटला. बाहेर एमएच २९ ची, म्हणजे यवतमाळची गाडी दिसली म्हणून मी आपला माणूस शोधत आत गेलो. हातमोजे न काढताच तो बसला होता, पुढ्यातला डाळभात तसाच. “काही नाही भाऊ, जेवलो नाही म्हणून डोकं दुखून रायलं. उद्या लेह गाठतो.” चहा घेतला तो लगेच बाहेर जाऊन ओकला. मी त्याला सतरंजीच्या काठावरून टाचेला पंजा लावून सरळ चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो कलंडला आणि तंबूचा खांब धरून उभा राहिला. दारूचा थेंब नसताना तोल जातोय, याचा अर्थ मेंदूला सूज यायला लागली. तिथे सकाळची वाट पाहत बसायचं नसतं.

सरचूची खरी अडचण तेव्हा कळते. खाली उतरायचं तर आधी ४८९० मीटरचा बारालाचा चढावा लागतो, आणि लेहच्या बाजूलाही पुढे उंच खिंडीच. तंबूवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर होता म्हणून निभावलं. एका टॅक्सीवाल्याला झोपेतून उठवलं आणि पोराला नळी लावून रात्रीच निघालो. मागच्या सीटवर मी त्याचं डोकं धरून बसलो होतो. बारालाचावर तो मला ओळखेना. दारचा गाव ओलांडून जिस्पाच्या अलीकडे आलो तेव्हा त्याने स्वतःहून पाणी मागितलं. केलाँगच्या सरकारी दवाखान्यात दोन दिवस राहून बरा झाला. गाडी नंतर पिकअपमध्ये टाकून मनालीला आणावी लागली. एक दिवस वाचवायला गेला आणि सगळी ट्रिप तिथेच संपली.

मी स्वतः पहिल्यांदा जाणाऱ्याला श्रीनगरकडूनच पाठवतो. श्रीनगर १५८५ मीटर, मग कारगिल २६७६, मग लेह ३५००. मधे जोजिला, फोतुला या उंच खिंडी लागतात, पण तिथे आपण झोपत नाही. लेहला पोचल्यावर दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही. खारदुंगलाची खिंड कुठे पळून जात नाही. मनालीकडूनच जायचं असेल तर जिस्पाला दोन रात्री काढा आणि सरचूला न थांबता थेट लेह गाठता येईल इतक्या पहाटे निघा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मित्राने दिली म्हणून घेऊ नका. घरून निघण्याआधीच आपल्या डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून. आणि डोकं दुखतंय, मळमळतंय अशा अवस्थेत आणखी वर चढायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नये.

पंक्चरचं किट विकत घेतलं, उघडलं कधीच नाही

हे पाहून जीव खालीवर होतो. किट नवं कोरं, पिशवीचं सीलही फोडलेलं नाही. आणि गाडी स्पोकची, आत ट्यूब. ट्यूबलेसच्या चिकटपट्ट्या घेऊन स्पोकच्या गाडीवर निघालेले पोरंही मी पाहिलेत.

गावात पंक्चरवाला पाच मिनिटांत काम करतो म्हणून ते सोपं दिसतं. लेहच्या वाटेवरच्या मोरेच्या पठारावर किंवा जैसलमेरच्या पुढे तनोटच्या रस्त्यावर एकट्याने मागचं चाक काढून पाहा. ॲक्सलचा नट जाम असतो, चेन घसरते, चाक परत बसवताना ब्रेकचा भाग खाचेत जात नाही. म्हणून माझी सवय सांगतो. निघायच्या महिनाभर आधी, घरच्या अंगणात, कोणाची मदत न घेता मागचं चाक काढायचं, ट्यूब बाहेर काढायची, परत बसवायची. गाडीसोबत नेणार तीच हत्यारं वापरायची, गॅरेजमधला लांब पाना नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला हात बसतो.

टायरच्या लिव्हरने ट्यूब चिमटून नवीन भोक पडतं, तेव्हा लिव्हर लावण्याआधी समोरच्या बाजूची टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून घ्या. जास्त जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. आणि ट्यूब बदलली की लगेच चाक चढवू नका. बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्ये तुटून राहतं, हे आपल्या पांदणीतल्या माणसाला सांगायला नको. राजस्थानात रस्त्याच्या कडेला विलायती बाभळीचं रान आहे, काटा तिथेही तोच. टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा. बोट फिरवाल तर बोट फाटेल. एक जास्तीची ट्यूब आणि पायाने मारायचा छोटा पंप, एवढं सोबत हवंच.

नाल्याचा हिशेब उलटा असतो

आपल्याकडे नाल्याला पूर आला की अलीकडे थांबायचं, दोन-तीन तासांत पाणी उतरतं. हीच सवय घेऊन पोरं लडाख-स्पितीत दुपारी नाल्याकाठी थांबतात आणि पाणी वाढतच जातं. तिथलं पाणी बर्फ वितळून येतं, त्यामुळे ऊन तापलं की नाला फुगतो. रात्रभर गारठून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. दुपारी पाणी जास्त वाटलं तर मागे फिरा, मुक्काम करा, सकाळी उतरा. उतरण्याआधी चालत जाऊन तळाचे दगड पाहा. बूट भिजतील म्हणून गाडीवरूनच अंदाज घेणारे मधोमध आडवे होतात.

याच कारणाने मला पोळ्यानंतरचा काळ आवडतो. सप्टेंबरात वितळण कमी होते, पावसाचा जोर ओसरतो, आणि कापसाची वेचणी लागायच्या आत घरी परतता येतं.

“आपण ४७ डिग्रीत राहतो, वाळवंटाचं काय सांगता”

आपल्या विदर्भाचा हा अभिमान रस्त्यावर महागात पडतो. मे महिन्यात आपण बारा ते चार घरात असतो, कूलरसमोर. तोच माणूस सुट्टी कमी म्हणून जोधपूर-जैसलमेर भर दुपारी गाडीवर करतो. हवा अंगापेक्षा गरम असेल तर वाऱ्याने अंग थंड होत नाही, उलट तापतं आणि घाम कळायच्या आत वाळतो. खिशात कांदा जरूर ठेवा, दुपट्टाही ओला करून बांधा, पण मीठ-साखरेचं पाणी पोटात गेलं पाहिजे. वाळवंटाला थंडीतच जा. आणि गेलात तर स्वेटर न्या, जानेवारीतल्या तिथल्या रात्री आपल्यापेक्षा कडक असतात.

वाऱ्याने डांबरावर वाळू येते. त्या पट्ट्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी गेलीच. आधीच वेग कमी करा, वाळूवर ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवा. फोटोसाठी डांबर सोडून एकट्याने टेकडीवर गाडी घालू नका. चाक ॲक्सलपर्यंत रुतलं की भरलेली बुलेट एका माणसाच्याने निघत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

पहिल्याच दिवशी नागपूर-दिल्ली हजारावर किलोमीटर मारण्याची बढाई नको. दिवस मावळला की गाडी लावा. आपल्याकडे रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो, राजस्थानात गाई आणि उंट.

मनाली-लेह वाटेवरच्या टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ अशी पाटी प्रसिद्ध झाली ती उगाच नाही. टाकी तिथे काठोकाठ भरा, वर पाच लिटर सोबत घ्या.

भाड्याची गाडी मनालीहून घेतली तर नुब्रा, पँगाँगला ती चालवू देत नाहीत. त्या भागासाठी लेहचीच घ्या.

सामान निम्मं करा. गाडी पडली तर एकट्याने उचलता आली पाहिजे. भरलेली गाडी अंगणात आडवी करून एकदा उचलून पाहा.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड करून घ्या. पोस्टपेडलाही मनाली-लेह वाटेवर दीड-दोन दिवस रेंज मिळणार नाही असंच धरा आणि आईला ते आधी सांगा. माझ्या घरी मी एक कागद लिहून ठेवतो. गाडीचा नंबर, रक्तगट, कोणत्या रात्री कुठे मुक्काम, आणि कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर पहिल्यांदा कोणाला विचारायचं. वाटेत बेत बदलला तर रेंज मिळाल्याबरोबर पहिला फोन घरी, आणि त्या कागदावर पेनाने दुरुस्ती करून घ्यायची.