कमी बजेटमध्ये एमटीबी घेताय? आधी या चुका टाळा

बजेट १५ हजाराच्या आसपास असलं तरी सोलापुरात चांगली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक सायकल, मिळते, फक्त घाई करू नका. लोक शोरूममध्ये जातात, रंग बघतात, जाड टायर बघतात, 'किती गिअर?' विचारतात आणि अर्ध्या तासात गाडी घेऊन बाहेर, मग महिन्याभरात मला फोन, काका मागून आवाज येतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डबल शॉकर, पुढं-मागं दोन्हीकडं शॉक असलेली सायकल. या बजेटमध्ये मागचा शॉक म्हणजे नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरायला आत काहीच नसतं, त्यामुळं चढाला तुम्ही पायडल दाबलं की बराच जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. वर वजन १८-२० किलो. आमच्या गल्लीतल्या पोराला मी परोपरीनं सांगितलं होतं की बाबा पुढं एकच शॉक असलेली घे, पण त्याला डबल शॉकरच भारी दिसली. एका रविवारी तुळजापूर रोडनं हिप्परग्याला निघालो, तलावाच्या अलीकडं कच्च्या रस्त्याला लागलो तर गाडी मागून डुलायला लागली. उतरून मागचं चाक धरून हलवलं तर कटकट आवाज, आणि फ्रेमच्या सांध्यातल्या बुशमधून (सांधा ज्यावर फिरतो ती छोटी नळी) काळपट भुकटी हातावर आली. आपल्याकडच्या माळावरची धूळ आत जाऊन बुश पार खाल्लेला. पोरगा तसंच पुढं जाऊ म्हणाला, तेवढ्यात चेन फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) आणि आऱ्यांच्या मधे अडकली, तीन आरे वाकले, शेवटी गाडी टेम्पोत टाकून आणली. दुकानदार म्हणाला ह्याचा बुश सुटा मिळत नाही. पोराचं तोंड बघवत नव्हतं, घरच्यांनी किती ओढाताण करून पैसे दिले होते ते मला माहिती होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, ३० हजाराच्या आत मागचा शॉक नकोच. पुढचा शॉकसुद्धा साधाच असणार, तोही नको असेल आणि बिनशॉकचा साधा चिमटा असलेली मिळत असेल तर बिनधास्त घ्या, वाचलेले पैसे अलॉय (ॲल्युमिनियमच्या) फ्रेम आणि दुहेरी भिंतीच्या मजबूत डबल वॉल रिममध्ये घाला. अलॉय फ्रेमला मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर बसतो ती हँगर सुटी निघते का ते बघा, वाकली तर तेवढीच बदलता येते.

दुसरी चूक साइजची, आणि ही आईबापच करतात. शाळेचा युनिफॉर्म जरा मोठा घ्यावा तशी पोराला मोठी सायकल घेतात, वाढेल की अजून म्हणून. अरे पण आत्ता त्याला ब्रेक मारून पाय टेकता येत नाही त्याचं काय? दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं, दांडा आणि जांघेच्या मधे किमान दोन इंच मोकळी जागा पाहिजे. ५ फूट ५ इंचाच्या माणसाला साधारण १५-१६ इंची फ्रेम, ५ फूट ८ ला १७-१८. चाक २६, २७.५ का २९ इंची हा प्रश्न त्यानंतरचा. मी तर चालवून बघितल्याशिवाय पैसे काढतच नाही, दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

२१ गिअर म्हणजे पुढं ३ आणि मागं ७ दातेरी चक्रं, आकडा मोठा म्हणून गाडी चांगली असं काही नाही.

डिस्क ब्रेकचं वेड पण जरा आवरा. पावसाळ्यात शेताकडच्या काळ्या मातीत जाणार असाल तर डिस्क कामाची, कारण व्ही-ब्रेकमधे (रिमला दोन्हीकडून रबरी पॅड दाबणारा ब्रेक) चिखल गच्च भरतो. बाकी चांगला व्ही-ब्रेक आपल्या कोरड्या रस्त्याला पुरतो, पॅड कुठंही मिळतात. स्वस्त वायरच्या डिस्कमधे बहुतेक वेळा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवरच असतो, तो ॲलन कीनं (षटकोनी चावीनं) जवळ आणला नाही तर डिस्क एका बाजूला वाकत राहते आणि लोक म्हणतात ब्रेक लागत नाही.

आणि काटे! येडी बाभूळ सगळीकडं आहे. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवून काटा निघाला का बघायचंच, नाहीतर दहा मिनिटात परत हवा जाते. ट्यूब मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची घ्या, हवा कुठंही भरता येते, पण पेट्रोल पंपावर एकदम दाबून भरू नका, खडीवर ३०-४० पीएसआय भरपूर.

सगळं बजेट गाडीवरच संपवू नका. हेल्मेट, हातपंप, जादाची ट्यूब, टायर लिव्हर यासाठी दोन हजार बाजूला ठेवा. जुनी घेताय तर मागचं चाक काढून ॲक्सल फिरवून बघा. सात गिअरच्या फ्रीव्हीलवाल्या हबमधे (चाकाच्या मधल्या भागात) चेनच्या बाजूला ॲक्सलला आधार कमी असतो, जड माणसानं चालवलेली गाडी असेल तर तो वाकलेला असू शकतो.

नवी गाडी महिनाभर चालवली की आरे ढिले पडतात, वायर ताणल्या जातात. तेव्हा चाकाचा आऊट, म्हणजे डुलणं, काढून घ्या आणि गिअरचे लिमिट स्क्रू, चेन आऱ्यांत जाऊ न देणारे, समोर उभं राहून तपासून घ्या.