मेहरानगडला जाताय? या चुका टाळा

जोधपूरला निघालेलं कुणीही मला प्लॅन पाठवतं आणि त्यात मेहरानगड असतो दुपारी जेवणानंतर, एक तास. एका तासात होत नाही हो तो गड!

पहिल्या खेपेला मीही ड्रायव्हरचं ऐकलं. सकाळी उमेदभवन, मग मार्केट, जेवण, आणि गडावर पोचलो साडेतीनला, बंद होतो पाचला. सोबत आई आणि मावशी, मावशीचे गुडघे दुखतात, लिफ्ट आहे हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही, त्यामुळे जयपोलपासूनचा (पोल म्हणजे दरवाजा) चढ बसत उठत चढण्यातच पाऊण तास गेला. म्युझियममध्ये शिरलो तर हत्तीचे हौदे आणि पालख्या बघेपर्यंत गार्ड "चलिए चलिए" करायला लागले. आईला फूलमहालाचं सोन्याचं छत बघायचं होतं, ते तिने दारातूनच दोन मिनिटं बघितलं. ती काही बोलली नाही, पण मला ते अजून लागतं.

म्हणून मी आता नऊला, गड उघडतानाच दारात असतो आणि दुपारपर्यंत दुसरं काही ठेवत नाही. लिफ्टचं वेगळं तिकीट असतं, म्हातारी माणसं असतील तर आधी तेच काढा. आणि तोफांजवळ फोटो काढून, खाली निळी घरं बघून परत फिरू नका, इथे राजवाडा हेच म्युझियम आहे, मोतीमहाल, तख्तविलास, झनाना सगळं आतच. ऑडिओ गाईड घ्या. यूट्यूबवर बघून आलोय म्हणणारे सगळ्यात जास्त चुकवतात.

दुसरी गोष्ट, जिचा मला मनापासून राग येतो. लोहापोलच्या भिंतीवर हातांचे ठसे आहेत, १८४३ साली महाराजा मानसिंह गेल्यावर सती गेलेल्या राण्यांचे. लोक त्यावर पंजा ठेवून हसत सेल्फी काढतात, पोरांना उचलून हात लावायला लावतात. अरे, त्या चितेवर गेलेल्या बायका आहेत! मी मुलांना दाराच्या अलीकडेच थांबवून हे सांगतो, मग ती आपोआप गप्प होतात.

थोडं वाचून जा. १४५९ ला राव जोधांनी गड बांधायला घेतला हे पाटीवर मिळेल, पण आपले मराठा सरदार जयाप्पा शिंदे १७५५ मध्ये याच मारवाडात, म्हणजे जोधपूरच्याच राज्यात, नागौरला मारले गेले, ते कळलं की शस्त्रांचं दालन वेगळं दिसतं.

चप्पल नको, बूट घाला, फरशी गुळगुळीत आहे.

नवरात्रात गडावरच्या चामुंडा मातेच्या देवळात प्रचंड गर्दी असते, २००८ ला तिथेच चेंगराचेंगरीत दोनशेवर माणसं गेली. लहान मुलं असतील तर ते दिवस सोडाच.

आणि ड्रायव्हरला गेटचं नाव सांगून ठेवा. फत्तेपोलने उतरलात तर थेट जुन्या शहराच्या गल्लीत निघता, गाडी मात्र जयपोलला उभी असते.