कोलोनोस्कोपी अपूर्ण राहिल्यावर कॅप्सूलने मोठे आतडे कसे तपासावे

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून लवचिक दुर्बीण घालून केलेली मोठ्या आतड्याची तपासणी. तिची दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत पोहोचली नाही, तर ती तपासणी अपूर्ण समजली जाते. पाहायचा राहिलेला भाग बहुधा उजव्या बाजूचा असतो आणि तिथले पॉलिप, म्हणजे आतड्याच्या भिंतीवरच्या वाढी, पुष्कळदा चपटे, आतड्याच्या रंगात मिसळून जाणारे असतात, त्यामुळे ‘जेवढे दिसले तेवढे ठीक आहे’ या वाक्यावर समाधान मानून घरी जाऊ नये. उरलेला भाग पाहण्याच्या मार्गांपैकी एक म्हणजे गिळायची कॅमेरा कॅप्सूल. अमेरिकेच्या एफडीए या औषधे व उपकरणांवरील नियामक संस्थेने 2014 साली मोठ्या आतड्याच्या कॅप्सूलला परवानगी दिली, ती अपूर्ण कोलोनोस्कोपी झालेल्या रुग्णांसाठीच.

सर्वांत आधी दुर्बीण नेमकी कशामुळे अडली, हे कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये पाहावे आणि तिथे स्पष्ट लिहिलेले नसेल तर डॉक्टरांना विचारावे, कारण पुढचा सगळा निर्णय याच उत्तरावर अवलंबून असतो. पोट नीट साफ न झाल्यामुळे तपासणी थांबवली असेल, तर अधिक काटेकोर तयारी करून पुन्हा कोलोनोस्कोपी करणे बहुतेक वेळा योग्य ठरते. कॅप्सूलला तर त्याहूनही स्वच्छ आतडे लागते. आतडे अरुंद झाल्यामुळे किंवा मोठ्या गाठीमुळे वाट बंद झाली असेल, तर कॅप्सूल गिळू नये, ती तिथेच अडकू शकते. अशा वेळी सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे सीटी स्कॅनने केलेली मोठ्या आतड्याची तपासणी, केली जाते. मात्र आतडे फार लांब व वेटोळी असलेले आहे, जुन्या शस्त्रक्रियेनंतर ते आजूबाजूला चिकटले आहे, किंवा रुग्णाला वेदना सहन झाल्या नाहीत, अशी कारणे असतील आणि वाट मोकळी असेल, तर कॅप्सूलचा विचार खरोखर उपयोगी ठरतो.

इथे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, अधिक अनुभवी डॉक्टरांनी वेगळ्या, बारीक दुर्बिणीने पुन्हा प्रयत्न केल्यास यश येण्याची शक्यता किती आहे? कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसताक्षणी काढता येतो, कॅप्सूल फक्त पाहते. दुसरा, सीटी कोलोनोग्राफी माझ्यासाठी अधिक योग्य आहे का? युरोपीय तज्ज्ञांच्या 2020 सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अपूर्ण कोलोनोस्कोपीनंतर पहिली पसंती सीटी कोलोनोग्राफीला आहे, आणि कॅप्सूलची सोय व अनुभव असलेल्या केंद्रांत कॅप्सूलचाही विचार करता येईल असे सुचवले आहे. दुसऱ्या बाजूला, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात अशाच रुग्णांची दोन्ही प्रकारे तपासणी केली, तेव्हा 6 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पॉलिप कॅप्सूलला जवळजवळ दुप्पट रुग्णांत दिसले. त्यामुळे माझ्या मते हा निर्णय केवळ उपलब्धतेवर सोडू नये; त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

गिळायला त्रास होणे, पूर्वी आतड्यात अडथळा आलेला असणे, क्रोन्सचा आजार, पोटाला दिलेले रेडिएशन, गर्भारपण, पेसमेकर, तसेच मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार यांपैकी काहीही असेल तर ते आधीच सांगावे. कोलोनोस्कोपीत मोठा पॉलिप काढलेला असेल किंवा आतड्याला इजा झाल्याची शंका असेल, तर कॅप्सूल कधी घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील.

आता तयारी. कॅप्सूलमध्ये हवा भरून आतडे फुगवण्याची, पाणी मारून भिंत धुण्याची किंवा गढूळ द्रव ओढून घेण्याची सोय नसते. दुर्बिणीने डॉक्टर जे जागच्या जागी साफ करून घेतात, ते इथे आधीच झालेले असावे लागते; गढूळ पाण्याखाली किंवा फेसाखाली दडलेला पॉलिप कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ घ्यायचे असतात आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे जुलाबाचे द्रावण, बहुधा एकूण सुमारे 4 लिटर, अर्धे आदल्या संध्याकाळी व अर्धे सकाळी असे विभागून प्यायचे असते. सकाळचा अर्धा भाग टाळण्याचा मोह होतो, पण उजवी बाजू स्वच्छ दिसावी यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. लोहाच्या गोळ्यांमुळे शौच काळे व चिकट होते, म्हणून त्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात. मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि आतड्यांची हालचाल मंदावणारी वेदनाशामके यांबद्दल मात्र स्वतः निर्णय घेऊ नये. काही ठिकाणी अपूर्ण कोलोनोस्कोपीच्याच दिवशी, पोट आधीच साफ असल्याचा फायदा घेऊन, कॅप्सूल देतात. तसे ठरल्यास गुंगी पूर्ण उतरून नीट गिळता येईपर्यंत थांबावे लागते.

तपासणीच्या दिवशी कमरेला सेन्सरचा पट्टा आणि त्याला जोडलेला रेकॉर्डर बांधतात. कॅप्सूल सुमारे 31 मिलिमीटर लांब व 11 मिलिमीटरहून थोडी जाड असते, आणि तिच्या दोन्ही टोकांना कॅमेरा असतो, कारण मोठ्या आतड्याच्या रुंद पोकळीत ती उलटसुलट फिरते आणि एकाच बाजूने पाहिले तर घडीमागचा भाग सुटतो. ती स्थिर असताना सेकंदाला 4 चित्रे घेते आणि वेगाने सरकू लागली की 35 पर्यंत. ती पाण्याबरोबर गिळावी, चावू नये. बॅटरी साधारण 10 तास चालते, म्हणून वेळ वाया जाऊ न देणे आवश्यक असते. तासाभरानंतरही ती जठरातच रेंगाळत असेल, तर जठर रिकामे होण्यास मदत करणारे औषध देतात. ती लहान आतड्यात शिरल्यावर रेकॉर्डर आवाजाने वा थरथरून इशारा देतो आणि पडद्यावर सूचना दाखवतो. त्या वेळी ‘बूस्टर’, म्हणजे कॅप्सूलला पुढे ढकलणारा जुलाबाचा डोस, सोबत भरपूर पाणी पिऊन घ्यायचा असतो. काही तासांनी दुसरा, कमी मात्रेचा बूस्टर असतो आणि तरीही कॅप्सूल बाहेर आली नाही तर गुदद्वारातून द्यायची औषधाची वडी वापरतात.

बूस्टरसाठी पूर्वीपासून सोडियम फॉस्फेट वापरले जाते, पण ते मूत्रपिंडांना इजा करू शकते. वय जास्त असेल, मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या सुरू असतील, तर ‘माझ्यासाठी दुसरा बूस्टर आहे का?’ असे जरूर विचारावे. पर्याय उपलब्ध आहेत. चक्कर येणे, सतत उलट्या होणे किंवा लघवी फारच कमी होणे या गोष्टी अंगावर काढू नयेत.

दिवसभर हिंडत-फिरत राहिल्यास चांगले, पण पट्टा सैल होऊ देऊ नये. खाण्याची परवानगी कधी मिळेल ते लिहून घ्यावे. कॅप्सूल शरीराबाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये. ती दोन आठवड्यांतही बाहेर आली नाही तर ती अडकली असे मानतात आणि एक्स-रे काढून पाहतात; मात्र पोट फुगणे, कळा येणे किंवा उलट्या होणे सुरू झाल्यास तेवढे थांबू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे.

रिपोर्ट हाती आल्यावर ‘पॉलिप नाही’ या ओळीआधी दोन नोंदी शोधाव्यात. पहिली, स्वच्छतेचा दर्जा: तो असमाधानकारक असेल, तर पॉलिप न दिसण्याला फारसा अर्थ उरत नाही. दुसरी, कॅप्सूल सीकमपासून कुठपर्यंत गेली: ती गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यापर्यंत पोहोचली किंवा बाहेर पडली, तर तपासणी पूर्ण. मधेच बॅटरी संपली असेल, तरी कोलोनोस्कोप जिथे थांबला होता ती जागा कॅप्सूलने ओलांडली का, हे पाहावे. ओलांडली असेल तर दोन्ही तपासण्या मिळून सगळे आतडे पाहून झालेले असू शकते. कोलोनोस्कोपी करताना शेवटच्या जागी खूण केलेली असल्यास हे पडताळणे सोपे जाते.

6 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप, अथवा तीन किंवा अधिक पॉलिप दिसले, तर सर्वसाधारणपणे पुढचे पाऊल पुन्हा कोलोनोस्कोपीच असते. ज्या जागी दुर्बीण एकदा पोहोचली नाही तिथे ती आता कशी नेणार, दुर्बिणीला जोडलेल्या फुग्याच्या (बलूनच्या) साहाय्याने, वेगळ्या दुर्बिणीने की दुसऱ्या केंद्रात, याचे उत्तर कॅप्सूल गिळण्यापूर्वीच घेऊन ठेवावे.