डोंगरवाटेसाठी निधी उभारताना या चुका टाळा

बालाघाटच्या रांगेतील डोंगरवाटांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या गटांबरोबर मी अनेक वर्षे काम करत आहे आणि दर उन्हाळ्यात नवी मंडळी त्याच जुन्या चुका घेऊन भेटतात. त्यांतील सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जागा कोणाची हे पाहण्याआधीच पावतीपुस्तक छापणे.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. बीड जिल्ह्यातील एक टेकडी गायरानात येते असे गावातील वडीलधाऱ्यांनी सांगितले, ग्रामसभेचा ठराव झाला, मोंढ्यातील आडत्यांनी आणि तरुण मंडळाने हात सैल सोडला आणि 50 पावत्यांचे पहिले पुस्तक आठवड्यात संपले. फक्कीने वाट आखायला घेतली त्याच दिवशी वनरक्षक आले. पायथा गायरानात होता, वरचा उतार मात्र राखीव वनात होता. हद्दीचा दगड घाणेरीत दडलेला होता आणि आम्ही त्यावरच पाण्याची कळशी ठेवली होती. परवानगीचा कागद हलेना, बाजाराच्या दिवशी देणगीदार वाटेची चौकशी करत, अखेर पावती क्रमांकाप्रमाणे प्रत्येकाचे पैसे परत केले. तेव्हापासून मी आधी सातबारा आणि जमिनीच्या गट क्रमांकाचा नकाशा काढतो, वनरक्षकाला घेऊन हद्द चालतो आणि वनजमीन निघाली तर गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीला पहिल्या दिवसापासून भागीदार करतो. देवगिरी किल्ला किंवा औरंगाबाद लेणी यांसारखे केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल, तर त्याच्या हद्दीपासून 100 मीटर क्षेत्र बांधकामासाठी प्रतिबंधित आणि पुढील 200 मीटर नियंत्रित असते, हेही तेव्हाच पाहावे.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. फेब्रुवारीत संस्था नोंदवायची आणि मार्चअखेर वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील कंपनीकडून सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा) निधी मागायचा, हे जमत नाही. कंपनीबाहेरच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत हा निधी खर्च करायचा असेल, तर त्या संस्थेकडे प्राप्तिकराची 12ए व 80जी नोंदणी (संस्थेला व देणगीदाराला करसवलत देणारी), तीन वर्षांच्या तशाच कामाचा अनुभव आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 अर्जाद्वारे मिळणारा क्रमांक लागतो. म्हणून जुन्या, हिशेब चोख असलेल्या संस्थेशी भागीदारी करावी. मात्र खाते कोणाचे, धनादेशावर कोणत्या दोघांच्या सह्या आणि काम संपल्यावर टिकाव-फावडी कोणाकडे राहणार, हे आधीच लिहून घ्यावे. ओळखीच्या माणसाशी करार कशाला, असे म्हणणाऱ्यांचेच भांडण मी सर्वांत लवकर पाहिले आहे.

वर्गणी कोणाच्याही वैयक्तिक खात्याच्या क्यूआर कोडवर घेऊ नये. नोंदणी नसलेल्या गटाने गणेश मंडळांप्रमाणे धर्मादाय कार्यालयाची कलम 41क खालील परवानगी घ्यावी. देणगीदाराचा फलक दिशादर्शक फलकापेक्षा मोठा नसावा.

‘पैसे नाहीत, पण जेसीबी फुकट देतो’ असे म्हणणाऱ्या दात्याला नम्रपणे नकार द्यावा, कारण यंत्राने सोललेल्या मुरमाच्या उतारावर पहिल्याच जोरदार पावसात ओघळ पडतात आणि वाटेचा ओढा होतो. हाताने खोदलेली, किंचित बाहेरच्या बाजूला उतरती, ठरावीक अंतरावर आडव्या दगडांनी पाणी काढून देणारी वाट सावकाश होते, पण टिकते. तिलाही दरवर्षी डागडुजी लागते, पण सगळा निधी फीत कापण्यापर्यंत संपवणाऱ्यांना हे पटत नाही. मी एक चतुर्थांश रक्कम वेगळी ठेवतो आणि ती पावसाळ्यानंतर ओघळ बुजवण्याच्या, सरकलेले दगड पुन्हा बसवण्याच्या मजुरीत बहुतेक संपून जाते.