रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर मिटेना, कारण बंदुकीच्या दारूचे दोन कण

टेक्सासमध्ये माझ्याकडे कोल्टचं जुनं डिटेक्टिव्ह स्पेशल रिव्हॉल्व्हर आहे. 1927 साली आलेलं मॉडेल, दोन इंची नळी, .38 स्पेशलची सहा काडतुसं. परवा रेंजवर तिसऱ्यांदा भरल्यावर सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) नीट मिटेना, ट्रिगरही जड. टायमिंग (सिलिंडरचं भोक नळीसमोर अचूक येणं) बिघडलं की काय, पोटात गोळाच आला. जुनं कोल्ट जुळवणारे कारागीर आता मोजकेच. काडतुसं काढली, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली. एजेक्टर (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा) दाबून त्याच्या चांदणीखाली, म्हणजे काडतुसांच्या कडा उचलणाऱ्या चकतीखाली, पाहिलं तर न जळलेल्या दारूचे दोन कण! चांदणी तेवढीच उचललेली, म्हणून काडतुसांची बुडं मागे घासत होती. जुन्या टूथब्रशने कोरडंच झाडलं. तिथे तेल नको, कण चिकटतात. आता पुंगळ्या काढताना नळी सरळ वर धरतो, म्हणजे कण पुंगळ्यांबरोबर खाली पडतात.