फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष: स्नायू पाठ करण्याआधी हलून बघा

फिजिओथेरपीला नुकती आलेली मुलं हमखास विचारतात, "ताई, ॲनाटॉमी लक्षात कशी ठेवायची?" तोवर त्यांच्या वहीत तक्ता तयार असतो: स्नायू, ओरिजिन (तो सुरू कुठे होतो), इन्सर्शन (जोडला कुठे जातो), नर्व्ह (त्याला चालवणारी नस), ॲक्शन (त्याचं काम). तक्ता लागतोच, व्हायवाची (तोंडी परीक्षेची) सुरुवात बहुधा त्यातूनच होते. पण त्यातला सगळ्यात फसवा रकाना शेवटचा. स्नायू आकसला तर सांधा कुठे हलेल, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. खरा माणूस खुर्चीत बसतो किंवा जिना उतरतो तेव्हा बरंचसं काम ग्रॅव्हिटी करत असते, आणि तिच्यासाठी तक्त्यात रकानाच नाही.

खुर्चीवर बसणं घ्या. गुडघा वाकतो, गुडघा वाकवणारे हॅमस्ट्रिंग, म्हणून उत्तर हॅमस्ट्रिंग, असं वर्गातले बरेच जण ठोकून देतात. आता मांडीच्या पुढच्या बाजूला तळहात ठेवा आणि अगदी सावकाश बसा. टणक लागतो तो क्वॉड्रिसेप्स. गुडघा वाकवायला शरीराचं वजनच पुरेसं असतं. तुम्ही धपकन आदळू नये म्हणून क्वॉड्रिसेप्स लांब होत होत ते वजन तोलून धरतो. यालाच इसेन्ट्रिक काम म्हणतात. उठताना तोच स्नायू आकसत जातो. म्हणजे बसण्याला आणि उठण्याला क्वॉड्रिसेप्सच, आणि नर्व्हही तीच, फीमोरल, एल 2 ते एल 4 (कमरेच्या मणक्यांतली तिची मुळं). गुडघेदुखीचे बरेच पेशंट "चढताना एक वेळ चालतं, उतरताना जीव जातो" असं का म्हणतात, याचा एक धागा इथे सापडतो.

तेव्हा कुठलीही हालचाल दिसली की आधी विचारायचं: इथे पडायला काय निघालंय, आणि त्याला धरलंय कुणी?

चालताना उजव्या पायावर भार असतो आणि डावा पाय हवेत असतो, तेव्हा कंबर डावीकडे झुकायला हवी. ती झुकत नाही, कारण उजव्या कुल्ल्याच्या बाजूचे ग्लुटिअस मीडिअस आणि मिनिमस तिला धरून असतात. नर्व्ह सुपिरिअर ग्लुटिअल. ते दुबळे झाले की कंबर खाली जाते ती उलट बाजूची. एका पायावर उभं करून कंबर झुकते का ते बघायच्या ट्रेंडेलेनबर्ग चाचणीत मुलं बाजू चुकतात ती इथेच. पाठ करू नका, एका पायावर उभं राहून कमरेच्या बाजूला चाचपून बघा.

टाच टेकल्यावर पाऊल फटकन आपटू न देणारा तो नडगीच्या पुढचा टिबिआलिस अँटिरिअर. त्याची डीप पेरोनिअल नर्व्ह ज्या कॉमन पेरोनिअलपासून निघते, ती गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला फिब्युलाच्या (पोटरीतल्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) मानेला वळसा घालून जाते, कातडीच्या अगदी लगत. तिथे ती सहज दाबली जाते. तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्या माणसाचं पाऊल त्यामुळे लटकं पडू शकतं. पुढे क्लिनिकला गेलात की "काय दुखतंय?" याच्याबरोबर "काम करताना बसता कसे?" हेही विचारत चला.

हाताचा अभ्यास मात्र ताटावर बसूनच करावा, मेसचं जेवण कसंही असो. घास घेताना अंगठा बोटांसमोर येतो तो ऑपोनेन्स पॉलिसिसमुळे, मीडिअन नर्व्हवर. बोटं मुळाशी वाकतात पण पुढची पेरं सरळ राहतात, हे लम्ब्रिकल्सचं काम: तर्जनी आणि मधल्या बोटाचे मीडिअनवर, अनामिका आणि करंगळीचे अल्नरवर. आमटी-भात गळू नये म्हणून बोटं एकमेकांना चिकटवणारे पामर इंटरॉसिआय, तेही अल्नरवर. आणि हे सगळं चाललेलं असताना मनगट मागून सावरणारे स्नायू रेडिअलचे. रेडिअलचं महत्त्व पटत नसेल तर मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ आवळून बघा, जोरच लागत नाही. घास तोंडाकडे नेताना बायसेप्स आणि ब्रेकिआलिस येतात, म्हणजे मस्क्युलोक्युटेनिअस. जोडीला ब्रेकिओरेडिआलिस असतो. तो कोपर वाकवतो, पण नर्व्ह त्याची रेडिअल, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

डिसेक्शन हॉल, म्हणजे मृतदेहावर शिकायचे तास, चुकवू नका. पण तिथले स्नायू फॉर्मलिनने घट्ट झालेले असतात, ते आकसत नाहीत. जागा आणि आजूबाजूचे संबंध तिथे शिका, काम मात्र मित्रमैत्रिणींच्या हातापायांवर. रूट व्हॅल्यूचं, म्हणजे नर्व्हच्या मुळांच्या आकड्यांचं, म्हणाल तर दोन पुस्तकांत एखाद्या रूटचा फरक सापडतो. वर्गात जे पुस्तक लावलंय ते धरा आणि वाद सोडा.

पुढे मॅन्युअल मसल टेस्टिंग, म्हणजे हाताने स्नायूची ताकद तपासून तिला ग्रेड देणं, येतं, तिथे ग्रॅव्हिटी उघडच समोर येते. ग्रेड 3 म्हणजे ग्रॅव्हिटीविरुद्ध पूर्ण हालचाल, ग्रेड 2 म्हणजे ग्रॅव्हिटी बाजूला काढल्यावर पूर्ण हालचाल. म्हणून पोझिशन चुकली की ग्रेड चुकते. उभ्या पेशंटला, दंड खाली सोडलेला ठेवून, "वाकवलेलं कोपर सरळ करा" म्हणालात तर ट्रायसेप्स (कोपर सरळ करणारा स्नायू) शून्य असला तरी कोपर सरळ होईल, वजनानेच. त्याला पालथं झोपवा, दंड खांद्यातून बाजूला घेऊन पलंगावर टेकवा, कोपराखालचा हात कडेवरून लोंबू द्या आणि मग सरळ करायला सांगा.